१९२०च्या दशकातली अमेरिका: पैसा खेळत असताना कायदे का आवळले?

पाटीपेन्सिल
१९२०च्या दशकातल्या अमेरिकेवर टिपण लिहितोय, पण दोन चित्रं एकत्र बसत नाहीत. एकीकडे मोटारी, रेडिओ, शेअरबाजार. दुसरीकडे दारूबंदी, बाहेरून येणाऱ्यांवर कोटा, गावोगावी कू क्लक्स क्लान ही गोऱ्यांच्या वर्चस्वाची गुप्त संघटना. हातात पैसा असताना लोक इतके धास्तावले कशाने? आणि "सगळं उधारीवर चाललं होतं" असं सरसकट लिहिलेलं सापडतं. म्हणजे नेमकं कसं? हप्ता चुकला तर काय व्हायचं?

हप्तेबंद
दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो. "उधारी" हा शब्द टिपणात टाळा. त्यात दोन निराळे व्यवहार मिसळतात: वस्तूंचे हप्ते आणि शेअरवरचं कर्ज.

मोटारीचा रिवाज साधारण असा. एक तृतीयांश रक्कम आधी भरायची, उरलेली बारा महिन्यांत. करार सशर्त विक्रीचा, म्हणजे गाडी तुमच्या दारात पण शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी तुमची नाही. विक्रेता तो करार लगेच वित्त कंपनीला विकून पैसे मोकळे करायचा, कारण कारखान्याला रोख मोजावे लागत. शिवाय गिऱ्हाईक यायचं वसंतात आणि कारखाना हिवाळाभर चालू ठेवायचा असे. मधल्या काळात न विकलेल्या गाड्यांत कुणीतरी पैसा अडकवायला हवा. जनरल मोटर्सने १९१९ साली स्वतःची वित्त कंपनी काढली ती या दोन्ही गरजांसाठी. गिऱ्हाइकाची सोय हा त्यातला अर्धाच भाग, पुस्तकांत मात्र तेवढाच येतो.

फोर्डने १९२३मध्ये उलटी योजना आणली. आठवड्याला ५ डॉलर विक्रेत्याकडे भरा, ते बँकेत साठतील, पूर्ण किंमत जमली की गाडी न्या. १९२५च्या सुमारास सर्वांत स्वस्त मॉडेल टी २६० डॉलरला होती, म्हणजे बरोबर वर्षभर पायी चाला. शेजारी पहिल्याच दिवशी गाडी घेऊन घरी येत असताना हे कोण करणार? योजना बारगळली आणि १९२८मध्ये फोर्डनेही वित्त कंपनी काढली.

हप्ता थकला की गाडी परत जायची आणि भरलेले पैसे बहुतांशी बुडायचे. म्हणून १९३०मध्ये उत्पन्न घटलं तेव्हा लोकांनी हप्ते धरून ठेवले आणि बाकीची खरेदी तोडली. मागणी कोसळण्यामागे हे एक मोठं कारण आहे, त्याला टिपणात जागा द्या.

शिरगणती
पहिल्या प्रश्नाची किल्ली १९२०च्या जनगणनेत आहे. शहरी लोकसंख्या पहिल्यांदाच निम्म्याच्या वर गेली, ५१.२ टक्के. तेव्हा २,५०० वस्तीचं गावही "शहर" धरत, हे विसरू नका. तरी ग्रामीण भागाला त्याचा अर्थ लगेच कळला, कारण प्रतिनिधीगृहातल्या (अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहातल्या) जागा जनगणनेवरून राज्यांना वाटतात. डेट्रॉइट दहा वर्षांत ४,६५,७६६वरून ९,९३,६७८वर गेलं होतं. ग्रामीण सदस्यांनी हरकत काढली: मोजणी जानेवारीत, ऐन हिवाळ्यात झाली, पहिल्या महायुद्धामुळे शेतमजूर तात्पुरते शहरात होते, आकडे खोटे. परिणाम असा की त्या जनगणनेवरून फेरवाटप झालंच नाही. अमेरिकेच्या इतिहासात हे एकदाच घडलं. दशकभर जुन्याच वाटपावर निवडणुका झाल्या. त्या दशकातला कुठलाही कायदा वाचताना हे मनात ठेवा.

कोट्याचं गणितही जनगणनेचंच. १९२१चा कायदा: १९१०मध्ये त्या देशात जन्मलेले जितके लोक अमेरिकेत होते, त्यांच्या ३ टक्के दरवर्षी. १९२४मध्ये ते २ टक्के केले, आणि खरी मेख म्हणजे आधाराचं वर्ष मागे नेऊन १८९० केलं, इटालियन, पोलिश, ज्यू मोठ्या संख्येने येण्याआधीचं. इटलीचा कोटा सुमारे ४२,००० होता तो ३,८४५वर आला. नुसती टक्केवारी उतरवून हे साधलं नसतं. आशियाई लोकांना तर जवळपास पूर्ण बंदी. मेक्सिकोला मात्र कोटा नाही, कारण नैर्ऋत्येच्या शेतमालकांना मजूर हवे होते. पहिल्या कायद्यात महिन्याला वर्षाच्या कोट्याच्या २० टक्क्यांची मर्यादा होती, त्यामुळे पहिल्या तारखेला मध्यरात्री न्यूयॉर्क बंदरात शिरायला जहाजांची शर्यत लागायची. १९२४नंतर व्हिसाची छाननी परदेशातल्या वकिलातींत गेली आणि ती थांबली.

आणि "हातात पैसा" कुणाच्या? गहू १९१९मध्ये बुशेलला (सुमारे २७ किलोंना) २ डॉलरच्या वर होता, दोन वर्षांत १ डॉलरच्या आसपास आला. युद्धकाळच्या भावाने जमीन गहाण टाकून घेतलेल्यांचा हप्ता काही निम्मा झाला नाही. शेतमालाला आधार देणाऱ्या विधेयकावर राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी १९२७ आणि १९२८ असा दोनदा नकाराधिकार वापरला. १९३०मध्ये देशातल्या दोनतृतीयांश घरांत वीज होती, शेतांवरच्या घरांत साधारण दहात एक.

क्लानबद्दल एकच. प्रवेश फी १० डॉलर, त्यातले ४ सभासद आणणाऱ्याच्या खिशात. द्वेष खरा होताच, पण तो कमिशनवर विकलाही गेला.

ऊर्ध्वपातन
दारूबंदीचा उल्लेख करताना एक चूक टाळा. १८व्या घटनादुरुस्तीने दारू बनवणं, विकणं, वाहून नेणं बंद केलं, पिणं नाही. आधीची साठवलेली दारू घरी ठेवता येत होती. डॉक्टरच्या चिठ्ठीवर दहा दिवसांना एक पाइंट (साधारण अर्धा लिटर) व्हिस्की मिळे. अंमलबजावणीच्या कायद्याने अर्धा टक्का अल्कोहोल ही मर्यादा घातली, पण घरी काढलेल्या फळांच्या रसाला सवलत ठेवली; तो घरीच आंबला की वाइन. कॅलिफोर्नियाच्या द्राक्षांना त्याने सुगीचे दिवस आले.

विषबाधेमागची यंत्रणा अशी: कारखान्यांसाठीच्या अल्कोहोलमध्ये कायद्यानेच विषारी मिथाइल अल्कोहोल मिसळत. चोरटे ते पुन्हा उकळून वेगळं करू पाहत. पण त्याचा उत्कलनबिंदू सुमारे ६५ अंश आणि पिण्याच्या अल्कोहोलचा ७८; ओबडधोबड भट्टीत दोन्हींची वाफ मिसळूनच येते. दृष्टी जाण्याचं, मरण्याचं कारण हे. न्यूयॉर्क राज्याने तर १९२३मध्येच स्वतःचा अंमलबजावणी कायदा रद्द करून भार केंद्रावर टाकला.

पाटीपेन्सिल
जनगणनेचा धागा माझ्या नजरेतून पार सुटला होता. शेअरवरच्या कर्जाचं उदाहरण मिळेल का? आकड्यांत.

हप्तेबंद
१०० डॉलरचे १०० शेअर, एकूण १०,००० डॉलर. समजा दलालाने २५ टक्के मागितले. तुमचे २,५००, त्याचे ७,५००, शेअर त्याच्याकडे तारण. भाव १२० झाला तर २,००० नफा, तुमच्या रकमेवर ८० टक्के (व्याज वजा जाता). भाव ८० झाला तर मालाची किंमत ८,०००, कर्ज मात्र ७,५००च, तुमचे उरले ५००. मग "आणखी पैसे भरा" असा निरोप येई. न भरल्यास दलाल विकून मोकळा. त्या विक्रीने भाव आणखी उतरे आणि दुसऱ्या कुणाला तसाच निरोप जाई. मोटारीच्या हप्त्याशी फरक इथे आहे: हप्त्याला तारीख असते, हे कर्ज कधीही मागता येई. व्याजही दिवसागणिक बदले. मार्च १९२९मध्ये ते २० टक्क्यांना शिवून आलं. किती टक्के मागायचे हे सरकार ठरवत नव्हतं, तो अधिकार फेडरल रिझर्व्हला, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेला, १९३४च्या कायद्याने मिळाला.

२४ ऑक्टोबर १९२९ला भाव छापणारी पट्टी काही तास मागे पडली. आपण बुडालो की तरलो हे न कळताच लोकांनी विकायला सांगितलं. २९ तारखेला सुमारे १ कोटी ६४ लाख शेअरची उलाढाल झाली.

मात्र "सगळा देश शेअर खेळत होता" असं लिहू नका. सुमारे १२ कोटींच्या देशात दलालांकडे खाती होती पंधरा लाखांच्या आसपास.