मदत हवी आहे : एकच प्यालातली वाक्यं कशी सोडवायची?
राम राम मंडळी, मी चोपड्याची, एमए मराठी करतेय, जळगावला अपडाऊन चालू असतं. प्रोजेक्टला राम गणेश गडकऱ्यांचं १९१९ चं एकच प्याला हे नाटक घेतलंय. त्यातल्या दारूच्या आहारी गेलेल्या नायकाची, सुधाकरची, दारूवरची लांब भाषणं वाचली की एकाच वाक्यात मिश्र, संयुक्त सगळं गुंफलेलं, वर रूपक, अनुप्रास, आणि त्याच्या बायकोचं, सिंधूचं, बोलणं त्यामानाने साधं, घरातलं, मला तर खरं दुःख तिथंच जाणवतं. आता ज्याला उत्तर नकोच असतं असा प्रश्न, रूपाने प्रश्नार्थी पण अर्थाने विधानच, तो कशात धरायचा? आणि क्रियापद आधी, कर्ता मागून आला तर ते वाक्यरचनेत लिहू का अलंकारात? कोणी सर-मॅडम असतील तर एखादा उतारा सोडवून दाखवा ना, गाईडात नुसती अलंकारांची नावं असतात.