उत्तर: एमपी३ केली की आवाज फाटतो

तानपुरा आणि गाणं वेगवेगळं ऐकलं की स्वच्छ आणि ऑडॅसिटीतून (आवाज रेकॉर्ड आणि एडिट करायचं सॉफ्टवेअर) एमपी३ काढली की वरच्या सुरांना फाटतं असं म्हणताय ना, मग माइक बदलायची घाई करू नका प्लीज. एक्स्पोर्ट करताना म्यूट नसलेले सगळे ट्रॅक एकत्र मिसळतात, आणि एकेकटा ट्रॅक ० डीबीच्या (आवाजाची कमाल मर्यादा) खाली असला तरी बेरीज वर जाऊ शकते, तिथेच आवाजाच्या लाटेचे माथे कापले जातात. ऑडॅसिटी आतमध्ये ३२ बिट फ्लोटवर (० डीबीच्या वर गेलेला आवाजही न कापता सांभाळणारी पद्धत) काम करते म्हणून मूळ रेकॉर्डिंग शाबूत असतं, तेव्हा परत गायची गरज नाही. प्रत्येक ट्रॅकचा गेन (आवाजाची पातळी) थोडा थोडा खाली घ्या, सगळं एकत्र वाजवून मीटर बघा, सगळ्यात मोठ्या सुरालाही -३ डीबीच्या आसपास राहिलं पाहिजे, मग एक्स्पोर्ट करा.

मात्र गाण्याच्या ट्रॅकवरच झूम केल्यावर लाटेचे माथे सपाट दिसले तर ते रेकॉर्ड होतानाच कापलंय, ते सॉफ्टवेअरने नीट परत येत नाही, इंटरफेसचा (माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा) गेन कमी करून तेवढ्या ओळी पुन्हा गायला लागतील.

आणि एयूपी३ फाइल (ऑडॅसिटीची प्रोजेक्ट फाइल, तिच्यात ट्रॅक वेगवेगळे राहतात) जपून ठेवा हं! नुसत्या एमपी३ मधून ट्रॅक वेगळे मिळत नाहीत.