रूप बदलणारी हिरोईन असलेला गेम सुचवा, भाचीसाठी पाहिजे (सोलापूर)

जुळे_सोलापूरकर
नमस्कार मंडळी. भाची सातवीत आहे, मे महिन्याच्या सुट्टीत पुण्याहून आमच्याकडं येणारे. इथं दुपारी बाहेर पडायची सोय नाही हे तुम्हाला माहितीच आहे, अकरा वाजले की रस्ता तापलेला असतो. पोरगी गेमची शौकीन आहे पण तिचं म्हणणं असं की सगळ्या गेममधे हिरो तो हिरोच, मुलगी असली तरी नुसती तलवार घेऊन पळती, तिला अशी हिरोईन पाहिजे जी स्वतः प्राणी होती, राक्षस होती आणि त्या रूपाचा खेळात खरा उपयोग होतो. कुठंतरी व्हिडिओ बघितलाय तिनं, परीसारखी मुलगी आहे, मधेच पांढराशुभ्र धिप्पाड यती (हिममानव) होऊन बर्फाच्या भिंतीवर चढती. हा कोणता गेम? माझ्याकडं साधा आय-३ लॅपटॉप आहे, ८ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड नाही. एक मित्र त्याचा जुना एक्सबॉक्स वन एस (टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल) विकायलाय, तो घेऊ का? दोघांना मिळून खेळता आलं तर लईच भारी, मला पण तिच्याबरोबर बसायचंय.

पार्कचौक_प्लेयर
दादा तो कॅमिओ आहे, पूर्ण नाव 'कॅमिओ: एलिमेंट्स ऑफ पॉवर'. रेअर कंपनीचा, २००५ मधे एक्सबॉक्स ३६० (वन एसच्या आधीचं मशीन) बाजारात आला त्याच सुमारास हा पण आला. भाचीनं बघितलेला यती म्हणजे चिला, तो बर्फावर चढतो आणि बर्फाचे भाले फेकतो. अशी एकूण दहा रूपं आहेत. पमल वीड म्हणून एक बॉक्सर झुडूप आहे ते ठोसे मारतं आणि फटीखालून सरपटत जातं, मेजर रुइन गोळा होऊन उतारावरून सुसाट सुटतो, ॲश हा आग ओकणारा ड्रॅगन, डीप ब्लू पाण्यातला. मजा कशात आहे सांगतो, एका वेळी तीनच रूपं तीन बटणांवर लावता येतात आणि चौथं बटण दाबलं की परत कॅमिओ. त्यामुळं समोर दार, दरी, आगीचा झरा काही आलं की पोरगी विचार करती, आता कोण होऊ? कॅमिओ स्वतः नाजूक आहे, थोडी तरंगती एवढंच, म्हणून रूप बदलल्याशिवाय गत्यंतरच नाही. तुमच्या भाचीची नेमकी हीच मागणी आहे ना. शिवाय गोष्ट पण घरातली आहे, मोठी बहीण मत्सरापोटी ट्रोल म्हणजे राक्षस लोकांच्या राजाला मोकळा सोडती आणि धाकटीला घरचे लोक सोडवून आणायचे असतात. मोकळ्या मैदानातून घोड्यावर बसून ट्रोलच्या फौजेत घुसायचा भाग येतो तेव्हा तिला कंट्रोलर सोडावासा वाटणार नाही. माझं स्पष्ट मत, वन एस चांगल्या हालतीत असेल तर घ्या.

अक्कलकोट_रोड
कॅमिओ मस्तच, पण को-ऑपचं (दोघांनी मिळून खेळायचं) आधीच सांगून ठेवतो म्हणजे पोरीचा हिरमोड नको. अख्खी गोष्ट दोघांना मिळून खेळता येत नाही, ठराविक ॲक्शनचे टप्पेच दोघांत होतात, टीव्ही मधोमध वाटून. तेवढ्यासाठी दुसरा कंट्रोलर लागेल, तो मित्राकडं आहे का विचारा. गोष्ट एकानं खेळायची आणि दुसऱ्यानं बाजूला बसून डोकं चालवायचं, या गेमला ते पण छान जमतं कारण कोडी भरपूर आहेत आणि दोघांना वेगवेगळी रूपं सुचतात.

सात_रस्ता
मी वेगळं सांगतो, पटलं तर घ्या. आधी लॅपटॉपवर काय चालतं ते बघा, कन्सोल नंतर. 'वंडर बॉय: द ड्रॅगन्स ट्रॅप' घ्या, मूळ गेम १९८९ चा सेगा मास्टर सिस्टीम या जुन्या कन्सोलवरचा, २०१७ ला लिझार्डक्यूब कंपनीनं हातानं रंगवल्यासारखा नव्यानं केला. साध्या लॅपटॉपला जड जात नाही. सुरुवातीला वंडर गर्ल निवडता येती. पहिल्याच ड्रॅगनला मारलं की शाप लागतो आणि ती पाल होऊन आग फेकाय लागती, मग पुढचे ड्रॅगन मारले की उंदीर, पिराना मासा, सिंह, ससाणा. उंदराचं रूप माझं सगळ्यात आवडतं, चौकटी-चौकटींच्या भिंतीवरून चालत तो थेट छतावर उलटा जातो आणि जी जागा आधी नुसती सजावट वाटलेली असती तिथं रस्ता निघतो. ससाणा उडतो पण पाण्यात पडला की त्याला इजा होती, म्हणजे प्रत्येक रूपाला काहीतरी उणीव ठेवलीये. अजून एक, बटण दाबलं की नवीन चित्रं जाऊन जुनी १९८९ ची चित्रं समोर येतात, खेळ चालू असतानाच. पोरं ते बटण सारखं दाबत बसतात.
एक गोष्ट मात्र भाचीला सांगून ठेवा, मुलगी म्हणून ती सुरुवातीला थोडा वेळच दिसती, नंतर बहुतेक गेम प्राणीच.

कडकभाकरी
शांटे कुणीच कसं नाही सांगितलं? २००२ ला गेम बॉय कलरवर आली तेव्हापासूनची हिरोईन आहे, वेफॉरवर्ड कंपनीची. अर्धी जिन (अल्लाउद्दीनच्या दिव्यातल्यासारखी), केसांचा फटका मारती आणि नाचून रूप बदलती. 'हाफ-जीनी हिरो' घ्या, २०१६ चा, लॅपटॉपवर आरामात चालेल. त्यात माकड होऊन भिंतीला चिकटायचं, हत्ती होऊन दगड फोडायचे, जलपरी होऊन पोहायचं. पण चुकून 'पायरेट्स कर्स' घेऊ नका. तो गेम म्हणून उत्तम आहे, फक्त त्यात तिची जादू गेलेली असती त्यामुळं रूप बदलणंच नाही, भाची तक्रार करेल. शांटेच्या कपड्यांवरून घरातल्या मोठ्या माणसांना खटकू शकतं, घ्यायच्या आधी चित्रं बघून ठरवा.
आणि कुणी बायोनेटा सुचवलं तर सातवीतल्या पोरीला देऊ नका. त्यातली हिरोईन पण बिबट्या होती, पण तो मोठ्यांचा गेम आहे.

जुळे_सोलापूरकर
सगळ्यांचे मनापासून आभार. भाचीला फोनवर चिलाचा फोटो दाखवला, ती म्हणायली हाच, हाच. म्हणजे कॅमिओ पक्का. आता एक्सबॉक्स बघायला शनिवारी जाणार आहे. काय काय तपासू? आणि कॅमिओची डिस्क कुठं मिळंल?

पार्कचौक_प्लेयर
पहिलं म्हणजे डिस्कची खाच आहे का बघा. वन एस मधेच ऑल डिजिटल म्हणून एक मॉडेल आलं होतं त्याला खाचच नाही. खाच असेल तर तिथंच एखादी डिस्क घालून गेम चालू होईपर्यंत थांबा, नुसता लाईट लागला म्हणून पैसे देऊ नका. एचडीएमआयची वायर हलवून बघा चित्र जातंय का. पंखा फार घरघरला तर आत धूळ बसलीये असं समजा, आपल्याकडच्या धुळीत उघड्यावर ठेवलेल्या मशीनचं असंच होतं. मित्राला त्याचं अकाउंट काढून मशीन रिसेट करून द्यायला सांगा, नाहीतर पुढं कटकट.

कॅमिओ दोन वाटांनी मिळतो. एक, 'रेअर रिप्ले' म्हणून २०१५ चा संच आहे, त्यात त्या कंपनीचे ३० गेम एकत्र, कॅमिओ त्यातलाच एक. तो नेटवरून पण विकत घेता येतो. दुसरं, जुनी ३६० ची कॅमिओची डिस्क सेकंडहँड मिळाली तर ती पण वन एस मधे चालती, पण डिस्क घातल्यावर गेम नेटवरून उतरतो आणि खेळताना डिस्क आत ठेवावी लागती. दोन्हीकडं नेट लागणारच, त्यामुळं भाची यायच्या आदल्या आठवड्यात रात्री डाउनलोडला लावून ठेवा. मला विचाराल तर संच घ्या, कॅमिओ संपला तरी बाकीचे २९ आहेत, सुट्टी निघती.

अक्कलकोट_रोड
उन्हाळ्याचं अजून एक. वन एसची गरम हवा वरच्या बाजूनं बाहेर पडती, टीव्हीच्या बंद कपाटात ठेवू नका आणि वर कपडा टाकू नका. आपल्याकडं मे महिन्यात लाईट ये-जा करती, लहानसा यूपीएस लावला तर डाउनलोड मधेच तुटणार नाही आणि गेम पण सेव्ह न होता बंद पडणार नाही.

कडकभाकरी
मशीन नाहीच पटलं तर लॅपटॉपसाठी ड्रॅगन्स ट्रॅप घेऊन टाका. ड्रॅगन्स ट्रॅप आणि शांटे, दोन्ही गेमला सेल लागला की किंमत बरीच उतरती म्हणून आत्ताच विशलिस्टला टाकून ठेवा. लॅपटॉपला पण कंट्रोलर जोडा हो, कीबोर्डवर उड्या मारून पोरगी वैतागेल. वन एसचा कंट्रोलर ब्लूटूथवर बहुतेक लॅपटॉपला जोडला जातो, मशीन घेतलं तर तोच दोन्हीकडं चालेल.