'बॉर्डर'मध्ये मेलेला भैरोसिंग खरा जिता होता

कपाशीवाला:
काल इथं एकानं लिहिलं, 'बॉर्डर' पाहून ज्याच्या डोळ्यात पाणी येत नाही त्याले लढाई काय समजणार. रात्रभर डोक्यातून गेलं नाही. मी १९९७ साली आर्वीले टॉकीजमध्ये तीनदा पाह्यला, तीनदा रडलो. मग कळलं, सिनेमात ज्याले मारलं तो सीमा सुरक्षा दलाचा भैरोसिंग राठोड १९७१ च्या युद्धात राजस्थानातल्या लोंगेवालातून जिता परतला होता. डिसेंबर २०२२ मध्ये म्हातारपणी वारला. जित्या माणसाले पडद्यावर मारून माह्यं रडू काढलं! वाचून आलेला शिपाई कमी पडते काय?

सुभेदाराचा पोरगा:
साफ चूक. सिनेमा म्हणजे सातबारा नव्हे, नोंद चुकली की फेरफार करायला. तो पाहूनच आमच्या गावची चार पोरं भरतीला गेली. अन् सिनेमात आपल्या वायुदलाची हंटर विमानं उजाडल्यावरच येतात, हे खरंच आहे. त्यांना रात्री हल्ला करता येत नव्हता, म्हणून जवानांनी ती रात्र पाकिस्तानी रणगाड्यांपुढं काढली. ते नीट दाखवलं की नाही?

कपाशीवाला:
दाखवलं. तेवढंच मान्य.

देवळीकर:
राजस्थानचं काय घेऊन बसले भाऊ? वर्धा जिल्ह्यातला पुलगावचा लष्कराचा दारूगोळा डेपो आपल्या उशाशी हाय. ३० मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर तिथं आग लागून स्फोट झाले, आमच्या फळीवरची भांडी धडाधड खाली आली. माय पोराले पदरात गुंडाळून अंगणात, आभाळ लाल. डेपोजवळच्या आगरगावचे लोक गाव सोडून निघाले. आग विझवाले गेलेले जळून मेले, त्यात अधिकारीही होते. अन् २० नोव्हेंबर २०१८ ले जुना दारूगोळा निकामी करायच्या जागी स्फोट झाला, सहा जण गेले. त्यात आजूबाजूच्या गावचे रोजंदारीचे मजूर होते, खोके उतरवत होते. त्यांच्यावर कोणी गाणं लिहिलं?

सुभेदाराचा पोरगा:
विषय युद्धपटांचा आहे. अपघात अन् लढाई एक करू नका.

देवळीकर:
अपघात म्हणून बाजूले सारता, तेच झोंबते. तो गोळा काय दिवाळीसाठी बनवला होता? तुमचे बाबा सुभेदार, म्हणून एक मरण मोठं अन् मजुराचं लहान?

सुभेदाराचा पोरगा:
बाबांवर जायचं काम नाही! ते १९७१ ला होते. टीव्हीवर गोळीबार लागला की उठून गोठ्यात जायचे. बैलाच्या वशिंडावर हात ठेवून उभे, आवाज थांबला की आत. एकदा विचारलं, तर म्हणाले, "तिथं एवढं कोणी बोलत नसते." बस, तेवढंच.

कपाशीवाला:
मग मी सकाळपासून दुसरं काय म्हणून राह्यलो?

सुभेदाराचा पोरगा:
बरं, तुमचं तेवढं खरं. तरी २६ जानेवारीला शाळेत 'बॉर्डर' लावणार म्हणजे लावणारच.

देवळीकर:
लावा. पण मध्यंतरात त्या सहा जणांची नावं माईकवर वाचा. यादी मी आणून देतो.