तीन व्हेरिएबलची अदलाबदल: १० गेले कुठे?

ऐरोली_एफवाय
वाशीच्या कॉलेजात एफवाय (पहिल्या वर्षाला) आयटीला आहे. सी या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रॅक्टिकलला व्हेरिएबल (व्हॅल्यू ठेवायची नाव दिलेली जागा) अ = १०, ब = २०, क = ३० घेऊन शेवटी २०, ३०, १० आणायचेत. मी लिहिलं:

अ = ब;
ब = क;
क = अ;

येतंय २०, ३०, २०. एरर नाही, वॉर्निंग नाही. मॅडम म्हणाल्या, "ड्राय रन (कागदावर ओळीओळीने चालवून बघणं) करून ये." दोन व्हेरिएबलची अदलाबदल असली की टेम्प, म्हणजे व्हॅल्यू तात्पुरती ठेवायला जादा व्हेरिएबल, घेतात हे माहितीये. मग तिघांना दोन टेम्प लागतील का? उद्या जर्नल तपासणार आहेत.

महापे_डेव्हलपर
टेम्प एकच पुरतो. पण मॅडमनी सांगितलेला ड्राय रन खरंच कर. वहीत अ, ब, क असे तीन रकाने आख आणि प्रत्येक ओळीनंतर तिन्हींत काय आहे ते लिही. ट्रेनमध्ये बसायला मिळालं तर घणसोलीपर्यंत होऊन जाईल.

सुरुवातीला १०, २०, ३०. पहिल्या ओळीनंतर २०, २०, ३०. इथे थांब. १० आता एकाही रकान्यात नाही. तिसरी ओळ पोचते तेव्हा अ मध्ये २० आहेत, तेच क मध्ये जातात. "मूळचा अ" असं कॉम्प्युटरला काही ठाऊक नसतं.

दूध-पाण्याच्या दोन पेल्यांची अदलाबदल करायला तिसरा रिकामा पेला, हा दाखला सगळीकडे देतात, मला तो अजिबात पटत नाही. पेला ओतला की रिकामा होतो. इथे अ = ब केल्यावर ब जसाच्या तसा राहतो आणि अ मधलं जुनं पुसलं जातं. म्हणून ज्याच्यावर सगळ्यात आधी लिहिणार, तेवढंच वाचवायचं:

टेम्प = अ;
अ = ब;
ब = क;
क = टेम्प;

पुढच्या प्रत्येक ओळीत ज्याच्यावर लिहितेस, त्याची कॉपी आधीच्या ओळीत झालेलीच असते. त्यामुळे चार व्हेरिएबल असोत की चाळीस, असं सरकवायला टेम्प एकच.

कळवा_सी
व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) "टेम्पशिवाय करा" हमखास विचारतात. दोघांसाठी: अ = अ + ब; ब = अ - ब; अ = अ - ब;

महापे_डेव्हलपर
उत्तर येऊ दे, पण सवय लावू नकोस. ३२ बिटच्या इंटमध्ये (पूर्णांक ठेवायच्या व्हेरिएबलमध्ये) २१४७४८३६४७ च्या पुढे बेरीज मावत नाही. आणि ॲरेत (एका नावाखालच्या घरांच्या रांगेत) चुकून एकाच घराची त्याच्याशीच अदलाबदल झाली, तर या तीन ओळी तिथे शून्य करून ठेवतात. टेम्पने असलं काही होत नाही. पायथन या दुसऱ्या भाषेत अ, ब, क = ब, क, अ एवढंच पुरतं, कारण तिथे उजवी बाजू आधी पूर्ण वाचली जाते.

ऐरोली_एफवाय
थँक्यू दादा, रकान्यांत लगेच दिसलं. पण दोन व्हेरिएबलचं स्वॅप (अदलाबदल) वेगळ्या फंक्शनमध्ये टाकलं तर मेनमध्ये, म्हणजे मुख्य फंक्शनमध्ये, काहीच बदलत नाही?

महापे_डेव्हलपर
सी मध्ये फंक्शनला व्हॅल्यूची कॉपी मिळते. अदलाबदल त्या कॉपींची होते, मेनमधले अ आणि ब जागच्या जागी. व्हेरिएबलचे मेमरीतले पत्ते पाठवावे लागतात: स्वॅप(&अ, &ब). स्कॅनएफमध्ये (इनपुट वाचायच्या फंक्शनमध्ये) & लावतेस तो याचसाठी. पॉइंटर (पत्ता ठेवणारे व्हेरिएबल) शिकवेपर्यंत मेनमध्येच लिही.