पोरगा खोली सोडून परत फाटकाशी आलाय. केस वर्कर म्हणून मी काय करू?

फाइलवाली

नमस्कार मंडळी. मी पुण्याजवळच्या एका बालगृहातल्या मुलांसाठी काम करते. एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदवी) होऊन तीन वर्षं झाली. माझ्याकडे एकवीस मुलं आहेत, त्यातली नऊ अठरा ओलांडून बाहेर पडलेली. हा धागा त्यातल्या एकासाठी.

सहा वर्षांचा असताना आला. कागदावर जन्मतारीख १ जून. म्हणजे खरी कुणालाच माहीत नव्हती, शाळेत टाकताना लिहिली ती. आयटीआयला फिटर केलं, जूनमध्ये अठरा पूर्ण झाली, ऑगस्टच्या सुरुवातीला चाकणला ठेकेदारामार्फत कंपनीत लागला. हातात तेरा हजार. कंपनीपासून चालत वीस मिनिटांवर पत्र्याची खोली बघितली, भाडं ३,५००, डिपॉझिट एका देणगीदारांनी भरलं. अज्ञान मुलाचं बँक खातं सज्ञान करून घेतलं, आधारला त्याचा स्वतःचा मोबाइल नंबर जोडला, मतदार नोंदणीचा सहा नंबरचा अर्जही भरला. पाच किलोचा गॅस सिलिंडर, शेगडी, तीन लिटरचा कुकर, दोन ताटं. माझ्या फाइलमध्ये सगळ्या रकान्यांपुढे बरोबरच्या खुणा.

पाचव्या आठवड्यात रात्री साडेदहाला बालगृहाच्या वॉचमनकाकांचा फोन. पोरगा फाटकाशी उभा. पिशवीत दोन शर्ट आणि तो कुकर. चार दिवस कामावर गेलेला नाही. आत लहान मुलं असतात, अठरा पूर्ण झालेल्याला आत घेता येत नाही, म्हणून काकांनी बाहेरच खुर्ची टाकून चहा दिला होता. मी जाऊन त्याला आमच्याच एका मोठ्या मुलाच्या खोलीवर नेऊन सोडलं.

काय झालं? काही नाही. कुणी मारलं? नाही. पैसे संपले? मानेनंच नाही म्हणाला. माझा विश्वास बसला नाही, मी पासबुक मागितलं. खात्यात ७,२०० रुपये होते. पासबुक मागितल्याची लाज अजून जात नाहीये.

दुसऱ्या दिवशी त्याच्या खोलीवर गेले. भरदिवसा ट्यूब चालू. कोपऱ्यात बिस्किटांच्या पुड्यांचे कागद. सिलिंडरचं सील तसंच, पाच आठवड्यांत एकदाही गॅस पेटवलेला नाही. कुकरच्या झाकणावरचा स्टिकरही निघाला नव्हता. तो सोबत का आणलास विचारलं तर म्हणाला, "संस्थेचा आहे, हरवला असता तर?"

ऑफिसमधले म्हणतात, लाडावू नका, परत त्याच खोलीत पाठवा. मला कळत नाही. रोज फोन करत राहू, की थोडं सोडून बघू?

निवृत्त_परिविक्षा

ताई, आधी आजची कामं. ठेकेदाराच्या सुपरवायझरला आजच फोन करा. चार दिवसांच्या खाड्याने नोकरी जात नाही, दहा दिवसांच्या जाते. "तब्येत बरी नव्हती" एवढंच सांगा, संस्थेचं नाव घेऊ नका. पगार २१ हजारांच्या आत आहे म्हणजे ईएसआयसी (कामगारांचा आरोग्य विमा) कापत असणार. त्या विम्याचा नंबर आणि पीएफचा यूएएन नंबर दोन्ही त्याच्याच वहीत लिहून द्या. पुढेमागे नोकरी सोडली की ही पोरं पहिलं काम म्हणजे पीएफ काढतात.

आता तुमच्या फाइलबद्दल, रागावू नका. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात कलम ४६ आहे, अठरानंतर संस्थेतून बाहेर पडणाऱ्याला आर्थिक साहाय्य देता येतं. अनुरक्षण, म्हणजे बाहेर पडल्यानंतरचा आधार, एकवीसपर्यंत, फारच अडचण असेल तर तेविसापर्यंत. त्याचा आराखडा मूल बाहेर पडायच्या दोन महिने आधी बाल कल्याण समितीपुढे जायला हवा. तुमचा गेला होता का? मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेतून महिना ४,००० रुपये मिळू शकतात, त्याचा प्रस्ताव जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे द्या आणि पोचपावती घेतल्याशिवाय उठू नका. मी बत्तीस वर्षं टेबलाच्या पलीकडे होतो, पोचपावती नसलेले कागद कुठे जातात ते मला माहीत आहे.

दुसरं, आईवडिलांचा काहीच पत्ता नसेल तर अनाथ प्रमाणपत्राचं बघा. २०१८ पासून आपल्या राज्यात अनाथांना सरकारी भरतीत १ टक्का समांतर आरक्षण आहे. आज नोकरी आहे म्हणून ते राहून जातं आणि मग चोविसाव्या वर्षी भरतीची जाहिरात आली की धावाधाव.

आणि एकट्याला खोली का दिलीत? नियम लिहिणाऱ्यांनीसुद्धा सहा ते आठ जणांनी मिळून राहायची सोय सुचवली आहे. उगाच नाही सुचवलेली.

रोखठोक

अठराव्या वर्षी आम्ही गावाहून पुण्यात आलो, वडापाव खाऊन दिवस काढले, कुणी केस वर्कर नव्हता. नोकरी आहे, खोली आहे, खात्यात पैसे आहेत. आणखी काय हवं?

बेड_नंबर_१४

रोखठोक भाऊ, वडापाव मीपण खाल्लेत. तुम्हाला ताप आला तेव्हा एसटीत बसून घरी गेला असाल ना? आमच्याकडे ती एसटीच नसते.

ताई, मी अकरा वर्षं संस्थेत होतो, आता एकोणतीसचा आहे, लिफ्टच्या मेंटेनन्सचं काम करतो. ट्यूब का चालू होती ते सांगतो. संस्थेत साडेनऊला लाइट बंद व्हायचे पण हॉलमध्ये चाळीस पोरं श्वास घेत असायची. कुणी घोरतंय, कुणी झोपेत बडबडतंय. एकट्या खोलीत पहिल्या रात्री मला माझ्याच घड्याळाचा आवाज आला. मी ते काढून डब्यात ठेवलं. तीन महिने लाइट लावून झोपलो, बिल बघून घरमालकीण बोलली तेव्हा बंद केला.

जेवणाचं तेच. आम्हाला स्वयंपाक येत नाही असं नाही, मी साठ जणांच्या भाताला तांदूळ निवडलेत, मोठ्या पातेल्यात उलथणं फिरवलंय. पण एकाला किती तांदूळ टाकायचे हे कधी कुणी विचारलंच नव्हतं. आणि भूक लागली हे कळायचं नाही, कारण घंटा वाजायची नाही. चार वाजता लक्षात यायचं की आज जेवलोच नाही.

पण यानं माणूस काम सोडत नाही. काम सोडायचं कारण दुसरं असणार. महिना कुठला ते बघा. गौरी-गणपतीत चाकणच्या खोल्या रिकाम्या होतात, सगळे गावाला. परत आल्यावर जेवणाच्या सुट्टीत एकच विषय, कुणाचं गाव कुठलं आणि कुणाकडे किती दिवसांचा गणपती. त्याला कुणी विचारलं का, तू गेला नाहीस का? हे त्याला विचारा. पण समोर बसवून विचारू नका, फाइल तर अजिबात उघडू नका. चालता चालता विचारा, किंवा गाडीवर मागे बसवून. तोंड दिसलं नाही की आम्ही बोलतो.

डबेवाली_मावशी

मी अठरा वर्षं मेस चालवते, चाकण नाही पण एमआयडीसीतच. पोराला गॅस शिकवायच्या मागे आत्ता लागू नका. दोन वेळची मेस लावा. पैसे महिन्याचे एकदम देऊ नका, दर आठवड्याला त्याच्या हाताने द्यायला लावा. मेसवाल्या बाईला एवढंच सांगून ठेवा की हा दोन वेळा सलग आला नाही तर मला फोन कर. आम्ही करतो. माझ्याकडे एक पोरगा काविळीने पडला होता, तो डबा न्यायला आला नाही यावरूनच कळलं. आणि खोलीपेक्षा कॉट बेसिस बघा, तिघांत चौथा. भांडणं होतील मोज्यांवरून, होऊ द्या.

फाइलवाली

उशिरा लिहितेय, माफ करा.

काका, आराखडा गेला नव्हता. जूनमध्ये ॲडमिशनच्या गडबडीत माझ्याकडूनच राहिला. आता प्रस्ताव दिलाय, पोचपावती घेतलीय. सुपरवायझरने ऐकलं, फक्त चार दिवसांचा पगार कापला.

चौदा नंबर दादा, तुमचं ऐकून त्याला स्कूटीवर मागे बसवून घेऊन गेले. नाशिक फाट्याच्या सिग्नलला बोलला. तुम्ही म्हणालात तेच. सगळे गावाहून आल्यावर कुणीतरी विचारलं, तुझं गाव कुठलं रे? याच्या तोंडून निघालं, कराड. का, तर आमच्या काळजीवाहक बाई कराडच्या, त्या सारख्या गावाचं सांगायच्या. मग पुढचे प्रश्न. कराडात कुठे? वडील काय करतात? गणपतीला का गेला नाहीस? दुसऱ्या दिवसापासून कामावर जाणंच बंद. गॅसची भीती मात्र खरीच होती. आमच्या बालगृहात मुलांना शेगडीपाशी जाऊ देत नाहीत, नियमच आहे तसा.

मी त्याला म्हटलं, खरं सांगायचं की नाही हे तू ठरव, मी सांगणार नाही. दोन दिवस विचार करून म्हणाला, आत्ता नको. मग आम्ही चहाच्या टपरीवर बसून उत्तर ठरवलं. आईवडील नाहीत, पुण्यात आत्या आहे, तिनेच वाढवलं. आत्या म्हणजे मी. मी सव्वीसची आहे, पण फोनवर वय कुठे दिसतं!

कॉट मिळाली, तिघांत चौथा. मेस लावलीय. मावशी, मोज्यांवरून पहिलं भांडण झालंसुद्धा. फोनचं असं ठरलंय की बुधवारी मी करायचा, रविवारी त्याने. गेल्या रविवारी त्याने केला नाही. मी रात्री नऊपर्यंत मोबाइल हातात धरून बसले होते. सोमवारी म्हणाला, क्रिकेट बघत होतो रूमवर, विसरलो.

आता एकच अडचण. तो सुपरवायझर कराडचाच निघाला. कराडला आठवडी बाजार कोणत्या वारी भरतो, एसटी स्टँडपासून कृष्णा-कोयनेचा संगम किती लांब, तिकडचं कुणी असेल तर जरा सांगा. आत्याला माहीत असायला हवं.