आजोळचं जांभ्याचं घर, हातात साडेतीन लाख: पहिला खर्च कशावर करू?

माजघर
नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर मी आणि आई देवरुखजवळ तिच्या माहेरच्या घरात कायमचं राहायला आलो. आई ६८ वर्षांची, तिचं लहानपण याच ओटीवर गेलं. मामा गेल्यापासून घर ९ वर्षं बंद होतं. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, मातीतलं बांधकाम, वर मंगलोरी कौलं. पुढे ओटी-पडवी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर. न्हाणीघर आणि संडास बाहेर, परसात.

माजघरात तीन ठिकाणी भिंतीवर वरपासून खालपर्यंत ओघळ आहेत. त्यांच्याखाली सारवलेल्या जमिनीला वाटीएवढे खड्डे. देव्हाऱ्यावरच्या तुळईत स्क्रूड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत गेला. भिंतीवरून तिथपर्यंत वाळवीची मातीची नळी चढली आहे.

ठेकेदार येऊन बघून गेले. कौलं काढून लोखंडी अँगल आणि पत्रा, भिंतींना आतून-बाहेरून सिमेंटचं प्लास्टर, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, सगळे मिळून साडेसहा लाख म्हणाले. माझ्याकडे साडेतीन आहेत आणि कर्ज काढायचं नाही. आई त्यांच्यासमोर काही बोलली नाही, पण रात्री जेवली नाही.

संडास घराला जोडून हवाच, त्यात तडजोड नाही. आईला पावसात रात्री परसात पाठवणार नाही. बाकीचं पुढेमागे चालेल. ज्यांनी अशी घरं राहती केली आहेत त्यांनी सांगा, कुठून सुरुवात करू?

पऱ्याकाठी
पत्र्याबद्दल आमचा अनुभव. आमच्याकडे माकडांचा इतका त्रास की दर पावसाळ्याआधी पन्नास-साठ कौलं फुटलेली. शेवटी पत्रा घातला. गळती थांबली हे खरं, पण एप्रिल-मे महिन्यात दुपारी घरात बसवत नाही आणि जोराच्या पावसात शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही. तुमच्याकडे माकडं किती येतात ते आधी शेजाऱ्यांना विचारा, मग ठरवा.

आंबेबाग
ताई, मी कुडाळ तालुक्यातला. २०१७ साली वडिलांचं घर असंच उघडलं आणि तुम्हाला जे सांगितलंय तेच पहिल्या वर्षी केलं. बाहेरून सिमेंटचा गिलावा. मातीत बांधलेली जांभ्याची भिंत पावसात ओल पिते आणि उन्हाळ्यात ती सोडून देते. सिमेंटने ती वाट बंद केली. दुसऱ्या पावसाळ्यात आतल्या बाजूने पोपडे सुटले, माजघरातल्या कपड्यांना बुरशी. गिलावा छिन्नीने काढताना चिऱ्याचे टवके त्याच्याबरोबर निघून आले, ते बघवत नव्हतं. हात जोडून सांगतो, या भिंतींना सिमेंट लावू नका. चिऱ्यांमधल्या मोकळ्या झालेल्या फटी, म्हणजे दरजा, चुन्यात भरून घ्या आणि वर चुन्याचाच हात द्या. टाइल्सचंही तसंच. खालून येणारी ओल टाइलखाली अडते आणि बाजूला सरकून भिंतीत चढते. निदान दोन पावसाळे सारवलेली जमीन राहू द्या.

पहिला पैसा पाण्यावर घाला. अंगणात जाऊन पागोळीची रेघ बघा, कौलांच्या कडेखाली मातीत खळग्यांची ओळ पडलेली दिसेल. ती जोत्याला चिकटून असेल तर भिंत खालून भिजणारच. आमच्या मागच्या अंगाला डोंगर. इतक्या वर्षांत माती वाहून जोत्याच्याही वर चढली होती. दोन गडी, चार दिवस, फावडी आणि घमेली. माती काढली, उतार देऊन चर खणला. सगळ्या कामांत सगळ्यात कमी पैसे त्याला लागले, आणि पुढच्या श्रावणात मागची खोली आठवणीत पहिल्यांदा कोरडी राहिली.

छपराची कौलं उतरवावी लागतील, पण परत तीच चढवा. प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवून बघा. खणखणीत वाजलं की ठेवायचं, बद्द वाजलं की बाजूला. १०० चौरस फुटांना साधारण १४० कौलं लागतात, त्यावरून किती कमी पडतील ते काढा. भरीला घ्याल ती मात्र त्याच छापाची घ्या. वेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकींत नीट बसत नाहीत आणि गळती तिथूनच सुरू होते. गावात कुणी घर पाडून स्लॅब घालत असेल तर आधी त्यांच्या अंगणात चौकशी करा.

वासे बहुधा वळचणीच्या टोकाला कुजतात, आढ्याकडे शाबूत असतात. कुजका भाग कापून जोड देणारा सुतार शोधा, अख्खा वासा बदलू नका. कौलं ज्यांवर बसतात त्या आडव्या पट्ट्या, म्हणजे रिपा, मात्र सगळ्या नव्या. देव्हाऱ्यावरची तुळई बदलावीच लागेल, तिथे काटकसर नको, आणि ती बदलेपर्यंत तिच्याखाली टेकू द्या. वाळवीची नळी फोडून ठेवा. दोन-चार दिवसांत पुन्हा बांधली गेली तर समजा आत जिवंत आहे. नव्या लाकडाला, विशेषतः भिंतीत जाणाऱ्या टोकांना, डिंबेल लावा. हातमोजे घालूनच, काजूच्या टरफलाचं ते तेल कातडी सोलून काढतं. मेच्या मध्यापर्यंत छप्पर झाकलेलं हवं. मृग ७ जूनच्या सुमाराला, पण वळीव त्याच्या आधी गाठतो.

तारखांब
मी वायरमन आहे, फक्त विजेचं सांगतो. घर ९ वर्षं बंद होतं म्हणजे उंदरांनी वायरी कुरतडलेल्या असणार. लाकडी पट्टीतली जुनी वायरिंग असेल तर तिला पुढे जोड देत बसू नका, पूर्ण नवी करा. अर्थिंग नव्याने घ्या आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज कुठे गळली की पुरवठा लगेच तोडणारी कळ, बसवा. ओल्या भिंतीच्या घरात माणूस वाचतो तो तिच्यामुळे. आणि संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून ५० फुटांच्या आत नको.

माजघर
सगळ्यांचे मनापासून आभार. शेजारच्या काकांना विचारलं, माकडं येतात पण त्यांची कुत्री वाडीत टिकू देत नाहीत. म्हणजे कौलंच.

परवा संध्याकाळी वाळवीची नळी फोडली होती. आज सकाळी बघितलं तर बोटभर पुन्हा बांधलेली, माती अजून ओली. तुळईला कालच दोन टेकू दिले. पागोळीची रेघ पुढून ठीक आहे, मागे मात्र जोतं दिसतच नाही, माती थेट चिऱ्याला टेकलेली. सोमवारपासून दोन गडी येतायत.

हिशेब असा मांडलाय: छप्पर आणि तुळई १ लाख ६० हजार, संडास-न्हाणी ८० हजार, वीज ४० हजार, मागची माती आणि चर १२ हजार. उरलेल्या ५८ हजारांना पावसाळा संपेपर्यंत हात लावायचा नाही.

काल पडवीच्या कडेची ४० कौलं उतरवून घेतली. आई ओटीवर पाट टाकून बसली आणि एकेक वाजवून बघत होती. डोळे मिटून ऐकायची आणि मग हाताने दाखवायची, इकडे की तिकडे. ३३ चांगली निघाली. एकावर कुत्र्याच्या पिल्लाच्या पायाचा ठसा आहे, कच्चं असताना उमटलेला. लहानपणी पडवीत निजून ती तो ठसा शोधायची म्हणाली. ते कौल जिथून काढलं तिथेच परत बसवायचं, खडूने खूण केली आहे.

आता एकच अडचण. दरजा चुन्यात भरणारा गवंडी संगमेश्वर किंवा लांज्याकडे कुणाला माहीत आहे का? इथे ज्याला विचारावं तो सिमेंटच म्हणतो. चुनकळी (भाजलेल्या चुन्याचे खडे) भिजवून मुरायला ठेवायला दोन-तीन आठवडे तरी जातील, म्हणून घाई आहे.